ऑक्टोबरला सुरू होणारी दिनदर्शिका: कामाच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

नवं काम आलं. जर्मनचा क्लास चालवणाऱ्या मॅडम नवरात्राच्या गर्दीतून वाट काढत सोलापुरातल्या आमच्या छपाईच्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "पत्रिका-बित्रिका जरा बाजूला ठेवा, मला दिनदर्शिका पाहिजे."

फेब्रुवारीत राज्य सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून त्यांच्या क्लासात बसायला जागा नाही. नर्सिंग झालेल्या मुली, आयटीआयची मुलं. आणि दाराबाहेर उभे असलेले त्यांचे आईवडील. त्यांचा प्रश्न एकच, "थंडी लई असते का वो तिकडं?" गेलेली मुलं मग पहिल्याच हिवाळ्यात मॅडमना फोन करतात, पण थंडीबद्दल कुणीच विचारत नाही. खोलीच्या भिंतीला काळं का आलं, घरमालकिणीने दाराला पाटी का लावली, चार वाजताच झोप का येते, असलं काहीतरी. तेच ते सांगून मॅडमचा घसा बसलाय.

ठरलं ते असं. बारा पानं, १२ बाय १८ इंच, वायरो बाइंडिंग. पुढे तारखा, मागे मजकूर. मजकूर मराठीत, जर्मन शब्द फक्त नोटिशीवर वाचावे लागतात तेवढेच, तेही देवनागरीत. पहिलं पान ऑक्टोबरचं, कारण तिथल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि बरीच मुलं त्याच सुमाराला पोचतात. जानेवारीपासून सुरू केली तर अर्धा हिवाळा पोरांनी आधीच सोसलेला असणार. छपाई पुढच्या सप्टेंबरात. म्हणजे मधे वर्ष आहे, आणि ते पाहिजेच. तिकडे जसं घडेल तसं इकडे टिपायचं.

टिपायला चौघं मिळाली. उल्मच्या इस्पितळात नर्स असलेली अक्कलकोटची ताई. हाइलब्रॉनला गॅरेजात शिकाऊ असलेला आपल्या विजापूर वेशीतला पोरगा. ट्युबिंगेनला शिकणारी एक मुलगी. श्टुटगार्टमधली माझी चुलत वहिनी, दादा आणि त्यांचं शाळेत जाणारं पोर. चौघांना एकच सांगितलंय: कसं वाटतंय ते नको, हवेमुळे या आठवड्यात काय करावं लागलं ते सांगा.

१२ ऑक्टोबर २०२४

दसरा. मशीनला हार घातला, फडताळातल्या कात्रीलाही. पेढे वाटून झाल्यावर हाइलब्रॉनच्या पोराचा निरोप ऐकला. "टायर, दीदी. सकाळपासून टायरच. गाडी आली की उन्हाळी काढ, हिवाळी चढव, काढलेल्यांवर गिऱ्हाइकाचं नाव लिही आणि मांडणीवर ठेव." तिथे लोक आपले टायर गॅरेजातच ठेवायला देतात, वर्षाचं भाडं भरून. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, असा त्यांचा ठोकताळा आहे. कायदा मात्र तारीख सांगत नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा निसरडं असेल तेव्हा चाकाला हिवाळी टायर पाहिजे, एवढंच सांगतो. या १ ऑक्टोबरपासून त्यावर डोंगर आणि हिमकण असं चिन्ह असलेलेच टायर चालतात, नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं आता धरत नाहीत. जुनी गाडी घेणाऱ्या आपल्या मुलांना हे कोण सांगणार? ऑक्टोबरच्या पानावर, वरच.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

आज पहाटे तिकडची घड्याळं तासभर मागे गेली. तीन वाजायच्या ऐवजी पुन्हा दोन. कालपर्यंत आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तास होते, आजपासून साडेचार.

मोबाइल आपोआप बदलतो, त्यामुळे हे मजकुरात कशाला घ्यायचं, असं मॅडमना वाटत होतं. उल्मच्या ताईच्या निरोपाने तो प्रश्न मिटला. ती नेमकी रात्रपाळीला होती. तिची पाळी एका तासाने लांबली, आणि दोन ते तीन हा तास दोनदा आला. रुग्णाला दोन वाजून दहा मिनिटांनी इंजेक्शन दिलं, तर कुठल्या दोन वाजता? तिकडे पहिल्या तासाला २ए आणि दुसऱ्याला २बी म्हणायची अधिकृत पद्धत आहे, म्हणून ताईने कागदावर तसं लिहिलं. मार्चमध्ये उलटं होईल, दोनचे एकदम तीन, आणि पाळी तासाने आखूड. "पण मार्चची पाळी मला मिळेलच असं कुठाय," असं म्हणून ती हसली.

तारीख दरवर्षी बदलते. ऑक्टोबरचा आणि मार्चचा शेवटचा रविवार. आपली दिनदर्शिका पुढच्या वर्षीची, म्हणजे २६ ऑक्टोबर २०२५ आणि २९ मार्च २०२६. दोन्ही चौकटी रंगवायच्या. रविवार आधीच लाल असतो, तेव्हा इथे पिवळ्या.

वहिनी म्हणाली ते वेगळंच. काल सूर्य सहानंतर मावळला, आज पाचनंतर लगेच. पोराला खेळायला नेते ती वेळ अंधारात गेली. हे तिने दोनदा सांगितलं.

१ नोव्हेंबर २०२४

लक्ष्मीपूजन. इकडे कामाला सुट्टी, पण निरोप येत राहिले म्हणून लिहून ठेवते.

यंदा लक्ष्मीपूजन आणि त्यांचा सर्व संतांचा दिवस एकाच तारखेला आले. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये त्या दिवशी सरकारी सुट्टी असते, त्यामुळे सगळे घरी. पण दुकानंही बंद, आणि दिवस 'शांत' गणला जातो, गाणी-नाच नाही. लोक कबरींवर दिवे आणि फुलं ठेवायला जातात. फटाके तर तिथे ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी सोडून सामान्य माणसाला उडवताच येत नाहीत. वहिनीने लाह्या-बत्तासे आदल्या दिवशीच आणून ठेवले होते. ट्युबिंगेनच्या मुलीच्या घरी साखर संपलेली, ती शेजारणीकडून आणली.

याच पानावर फराळाच्या पार्सलची चौकट घालायची. बाहेरून युरोपात येणाऱ्या माणसाला किंवा पार्सलला दूध-खवा-तूप आणि मांस यांची बंदी आहे. शेंगाचटणी, कडक भाकरी, चिवडा खुशाल पाठवावा. पेढा पाठवू नये. हे आईवडिलांसाठी आहे, म्हणून अक्षर मोठं.

१२ नोव्हेंबर २०२४

काल तिकडे संत मार्टिनचा दिवस. अंधार पडला की शाळेतली पोरं हातात कंदील घेऊन रांगेने गाणी म्हणत जातात. कंदील शाळेतच कागदाचे बनवलेले. वहिनीच्या पोराने दिवाळीचा छोटा आकाशकंदील काठीला बांधून नेला. दहा दिवसांपूर्वीचाच, उतरवला नव्हता. बाईंनी विचारलं हा कुठला, तर म्हणाला, "सोलापूरचा." ऑर्डर असल्यासारखं आणखी दोघातिघांना पाहिजे होता म्हणे.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

ज्यासाठी ही दिनदर्शिका करतोय ते पान आज सापडलं असं मला वाटतं.

ट्युबिंगेनच्या मुलीने फोटो पाठवला. कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीवर काळे ठिपके, वीतभर. घरमालकीण चिडली आहे. मुलीचं म्हणणं, मी तर खोली इतकी जपते, खिडकी कधी उघडीसुद्धा टाकत नाही, गरमी बाहेर जाऊ नये म्हणून.

तिथेच गोम आहे. मॅडमनी आणि मी संध्याकाळभर बसून हे नीट समजून घेतलं, आमचा बारावीचा सायन्सवाला भाचाही बसला. २० अंशांच्या हवेत दर घनमीटरला साधारण १७ ग्रॅम वाफ मावते. शून्य अंशाच्या हवेत पाच ग्रॅमही मावत नाही. खोलीत भात शिजतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, गरम पाण्याने आंघोळ होते, धुतलेले कपडे स्टँडवर वाळत असतात, माणूस रात्रभर श्वास सोडतो. ही सगळी वाफ खोलीच्या गरम हवेत राहते आणि खोलीतल्या सगळ्यात गार जागी जाऊन पाणी होते. गार जागा म्हणजे बाहेरच्या भिंतीचा कोपरा आणि कपाटामागची जागा, कारण तिथे हीटरची हवा पोचत नाही. ओल आली की बुरशी आली.

उपाय आपल्या डोक्याला उलटा वाटतो. बाहेर शून्य अंश असताना खिडक्या सताड उघडायच्या. दिवसातून तीन-चारदा, पाच ते दहा मिनिटं, समोरासमोरच्या खिडक्या एकदम, तेवढा वेळ हीटरची कळ बंद. बाहेरची गार हवा कोरडी असते, आत येऊन गरम झाली की वाफ पिऊन घेते. भिंती आणि सामान तेवढ्यात गार होत नाही, त्यामुळे खोली पुन्हा लवकर तापते. खिडकी वरून तिरपी करून दिवसभर फटीत ठेवली तर मात्र हवा धड बदलत नाही, भिंत तेवढी गार होते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब. आर्द्रता मोजायचं एक छोटं यंत्र मिळतं, स्वस्त असतं. काटा ४० ते ६० च्या मध्ये राहिला की बरं.

उल्मची ताई म्हणते, यंत्र कशाला, मी कडक भाकरी ठेवते. स्वयंपाकघरात झाकण न लावता ठेवलेली भाकरी मऊ पडली की खिडकी उघडायची. गंमत म्हणून बोलली, पण मी ते जसंच्या तसं मागच्या मजकुरात घेणार आहे. सोलापूरच्या पोराला ६५ टक्के सांगून जे कळणार नाही ते यातून कळेल.

आणि आपल्याला हे सुचणार तरी कसं? नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, एप्रिलमध्ये दोरीवरचा टॉवेल तासाभरात कडक होतो. इथे ओल हा त्रास म्हणून कुणी सांगायला येत नाही.

मॅडमना म्हटलं, आईवडील थंडीला घाबरतात. पण थंडीवर जाकीट आहे, हीटर आहे, पैसे टाकले की ती मिटते. ओल आणि अंधार यांना रोज उठून काहीतरी करावं लागतं. बारा पानं त्या दोघांभोवती लावूया. मॅडम म्हणाल्या, "थंडीचं एक तरी पान ठेवा, नाहीतर बाप लोक विकत घेणार नाहीत."

२१ डिसेंबर २०२४

तिकडचा सगळ्यात छोटा दिवस आज. इकडे मंगळवेढ्याकडच्या शेतात हुरड्याचं बोलावणं होतं, मालदांडीच्या कोवळ्या कणसांचा. पण पट्टीचं काम लागलं होतं, गेले नाही. चरफडत बसले.

पट्टी अशी: प्रत्येक पानाच्या वर चोवीस खणांची एक ओळ, उजेडाचे तास पिवळे, अंधाराचे निळे. दोन ओळी, एक सोलापूरची आणि एक श्टुटगार्टची, एकाखाली एक. काळा रंग वापरला असता तर शेजारचे आकडे दाबले गेले असते. गर्द निळा बरा, आणि प्लेटही वाढत नाही.

बारा पानं एकाशेजारी एक लावून बघितली. आपली ओळ जवळपास हलतच नाही. डिसेंबरात अकरा तास उजेड, जूनमध्ये तेरा. श्टुटगार्टची डिसेंबरात सव्वाआठ तास आणि जूनमध्ये सोळाच्या वर. आज तिथे सकाळी आठनंतर उजाडलं आणि साडेचारच्या आत मावळलं. यावर मी चार परिच्छेद लिहिले होते. पट्टी बघितल्यावर सगळे काढून टाकले.

ताईची युक्ती चांगली आहे. हिवाळ्यात ती सकाळची पाळी मागून घेते. अंधारात जाते, पण दोनला सुटते, आणि घरी न जाता तशीच डॅन्यूबच्या काठाने चालते, ढग असले तरी. उन्हाळ्यात दुपारची पाळी मागते, म्हणजे सकाळ मोकळी. ऑफिसात नऊ ते साडेपाच बसणाऱ्या आपल्या दादाला आठवडाभर सूर्य दिसत नाही. ऑक्टोबर ते मार्च तिथल्या उन्हात त्वचेला 'ड' जीवनसत्त्व करता येईल इतकी ताकदच नसते, सूर्य फार खाली राहतो. सावळ्या कातडीला तर त्याहून जास्त ऊन लागतं. म्हणून नोव्हेंबरच्या पानावर 'डॉक्टरांना विचारून रक्त तपासा' असं येईल. गोळी घ्या असं आपण लिहायचं नाही. ते डॉक्टरांचं काम.

थर्मल विकणाऱ्या एका दुकानदाराने मागचं अख्खं पान जाहिरातीला मागितलं. चांगले पैसे देत होता. मॅडम नको म्हणाल्या. मी असते तर घेतले असते.

१६ जानेवारी २०२५

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची गर्दी आहे, होम मैदानाकडून येणारे-जाणारे दुकानात डोकावतात, पाळण्यांचा आवाज इथवर येतो. काम रात्री करते.

जानेवारीचं पान जिन्यातल्या पाटीचं. श्वाबेन भागात, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपास, 'केअरवोखं' असते: इमारतीतला जिना, दारासमोरचा फुटपाथ झाडायची आठवड्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवलेली असते. आठवडा संपला की ती शेजाऱ्याच्या दाराला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळलेली ओली पानं, जानेवारीत बर्फ. बर्फ पडला तर बहुतेक गावांत कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत फुटपाथवर माणूस जाईल एवढी वाट मोकळी लागते, रविवारी जरा उशिरा चालतं. बऱ्याच गावांत मीठ टाकायला बंदी आहे, झाडांना आणि कुत्र्यांच्या पायांना त्रास होतो म्हणून. बारीक खडी टाकायची. कुणी घसरून पडलं तर जबाबदारी पाळीवाल्यावर येऊ शकते. भाडेकरूला हे लागू आहे की नाही ते भाडेकरारात लिहिलेलं असतं, म्हणून करार सही करण्याआधी तेवढं वाचावं.

दादाला हे काम मनापासून आवडतं. सोलापुरात असताना अंगण कधी झाडलं नव्हतं.

आणखी एक टीप याच पानावर. एप्रिल-मेमध्ये गवतात गोचिडी निघतात, त्यांच्या चाव्याने मेंदूला सूज येणारा ताप येऊ शकतो आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग जवळजवळ सगळं त्या धोक्याच्या यादीत आहे. लस आहे, पण तिचे तीन डोस, पहिल्या दोघांत एक ते तीन महिन्यांचं अंतर. एप्रिलच्या पानावर लिहिलं तर वेळ गेली. तेव्हापासून एक नियम केला: सूचना त्या महिन्याच्या पानावर नाही, तयारी सुरू करायच्या महिन्यावर. सगळी मांडणी पुन्हा हलवली.

२३ फेब्रुवारी २०२५

हेझलच्या झाडाचे पराग उडायला लागले, ट्युबिंगेनची मुलगी शिंकते आहे. तिला सर्दी वाटली होती. मार्च-एप्रिलमध्ये बर्चचे येतील. दोन ओळी पुरे.

३० मार्च २०२५, रविवार

आज एका तारखेला तीन गोष्टी आल्या.

आपला गुढीपाडवा. तिकडे घड्याळं तासभर पुढे. आणि हाइलब्रॉनच्या पोराची ईद. तिथल्या तुर्की मशिदींनी आजचा दिवस धरला, आपल्याकडे उद्या आहे.

त्याचा निरोप मशिदीबाहेरूनच आला, मागे गलका. नमाज सकाळी लवकर, आणि रात्रीतला एक तास गायब. "अम्मी फोन करती और बोलती, अभी तो तुम्हारे यहां अंधेरा होगा," तो म्हणाला. विजापूर वेशीत त्याची अम्मी अजून साडेचार तासांचा हिशेब धरून बसलेली, आणि आजपासून साडेतीन. रोज्यांबद्दल विचारलं. यंदा मार्चमध्ये आले म्हणून आपल्यासारखेच, साधारण तेरा-चौदा तासांचे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो. त्याच्या गॅरेजातल्या जुन्या तुर्की मेस्त्रीने २०१६-१७ चे जूनमधले रोजे केलेत, अठरा तासांच्या आसपास. पुढची काही वर्षं ते हिवाळ्याकडे सरकत जातील, म्हणून पोरगा खूश आहे.

पट्टीत रोज्याचे तास दाखवायचे का? मॅडम म्हणाल्या, क्लासात नई जिंदगी, शास्त्री नगर या वस्त्यांतली मुलंही आहेत, दाखवा. २०२६ चा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये. तारखेच्या चौकटीत चंद्रकोर, बाजूला 'चंद्रदर्शनानुसार'.

गुढी उतरवायची वेळ झाली, बाकीचं उद्या.

१४ एप्रिल २०२५

पारा चाळिशीच्या पार. दुपारी मशीन बंद ठेवतो, शाई पातळ होते.

तिकडे पांढऱ्या शतावरीचा हंगाम सुरू, तो २४ जूनला संपतो म्हणजे संपतो. शेतकरी त्यानंतर कोंब काढत नाहीत, झाडाला पुढच्या वर्षासाठी वाढू देतात. वहिनीला त्या भाजीत काय आहे ते कळलेलं नाही. "उकडलेला पडवळ बरा." जंगलात रानलसणीची पानं निघतात, तिची ती चटणी करते, शेंगदाणे घालून. त्याच पानांसारखी दिसणारी एक विषारी वनस्पती शेजारीच उगवते, पान चुरडून लसणीचा वास आला तरच घ्यायचं. पण एकदा हाताला वास लागला की पुढचं प्रत्येक पान लसणीचंच वाटतं. म्हणून मॅडमच्या सांगण्यावरून तळटीप: बाजारातूनच आणा.

२६ मे २०२५

इकडे नवल. मृग लागायच्या आधीच पाऊस, मेमध्ये रस्त्यांवर पाणी. पाच्चा पेठेतल्या अक्का, ज्यांचा मुलगा ऑक्टोबरात जाणार आहे, छत्री झटकत आल्या आणि म्हणाल्या, "नक्षत्रंबी आता ऐकत नाहीत बघ."

तिकडे नक्षत्रांच्या जागी संत आहेत. १२ ते १५ मे, पॅन्क्राट्स, सेर्वाट्स, बोनिफाट्स आणि शेवटची 'गार सोफी'. उत्तरेकडे एक संत आधी, ११ पासून धरतात. हे चार दिवस जाईपर्यंत नाजूक रोप बाहेर लावायचं नाही, रात्रीत दव गोठून मरतं. उल्मच्या ताईने बाल्कनीत मिरची आणि मेथी सोफीनंतर लावली. तिच्या शेजारच्या म्हाताऱ्याने एप्रिलमध्येच तिला बोट हलवून नको म्हटलं होतं. अक्कांना हे सांगितलं तर त्यांना ते लगेच पटलं, हीटर-बिटरचं ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर असतं ते काहीच नव्हतं. मेचं पान त्यांना वाचून दाखवून मगच पक्कं केलं.

३ जुलै २०२५

युरोपात उष्णतेची लाट. काल जर्मनीत पारा ३९ च्या पुढे गेला. तिथला आजवरचा उच्चांक २०१९ च्या २५ जुलैचा, ४१.२. चौघांचेही निरोप आले, आणि चौघंही, सोलापूरची असून, हैराण.

आधी मलाच पटेना. ४४ अंशांत वाढलेली पोरं ३७ ला रडतात? मग वहिनीने घर दाखवलं, व्हिडिओवर. छताखालचा मजला, उतरतं कौलारू छप्पर, हिवाळ्यात उब धरून ठेवायला बांधलेलं, आता तीच उब सोडत नाही. पंखा नाही. छताला पंख्याचा हूकसुद्धा नाही. एसी बहुतेक घरांत नसतोच. आणि सूर्य साडेनऊला मावळतो, म्हणजे खिडक्या उघडायची वेळ येते तेव्हा पोराची झोपायची वेळ टळून गेलेली असते.

इथे मात्र आपल्या पोरांना शिकवावं लागलं नाही. सकाळी आठच्या आत खिडक्या बंद, बाहेरच्या बाजूने खाली ओढायचे पडदे असतात ते पूर्ण खाली. रात्री सगळं उघडं. आपले आजोबा हेच करत. ओला टॉवेल खिडकीत. ताईने वॉर्डातल्या म्हाताऱ्या रुग्णांना तासातासाला घोटभर पाणी द्यायचं स्वतःहून सुरू केलं. त्यांना तहान लागलेली कळत नाही.

आणि चादर! हे मी दोनदा ऐकलं, खात्री करायला. प्रत्येक आई बॅगेत सोलापुरी चादर घालते, २३ किलोंतले दोनेक किलो त्यातच जातात, थंडीसाठी म्हणून. तिथे हिवाळ्यात घरात वीस-एकवीस अंश आणि जाड पिसांची रजई, त्यामुळे चादर घडी करून कपाटात. ती निघते जुलैमध्ये, रजई अंगावर सहन होत नाही तेव्हा. चौघांपैकी तिघांच्या अंगावर काल रात्री सोलापुरी चादर होती. चौथ्याने ती गॅरेजमालकाच्या आईला भेट दिली, तीही म्हणे उन्हाळ्यातच वापरते.

तेव्हा चादर जुलैच्या पानावर. चित्रकाराने जानेवारीच्या पानासाठी चादर पांघरलेला मुलगा काढून ठेवला होता, तो उचलून इकडे आणला, मागचा बर्फ पुसला आणि खिडकी उघडी काढली.

१० ऑगस्ट २०२५

मार्कंडेय रथोत्सवाची गर्दी ओसरली, शहराचा पूर्व भाग पुन्हा कामाला लागला. पहिलं प्रूफ क्लासमध्ये नेलं.

मुलांनी पुढची बाजू बघितली, सुट्ट्या मोजल्या. आईवडिलांनी मागची वाचली. मला तेच पाहायचं होतं. एक वडील, रिटायर कंडक्टर, नोव्हेंबरचं पान दोनदा वाचून म्हणाले, "म्हणजे हिवाळ्यात खिडकी उघडी टाकायची? आणि उन्हाळ्यात बंद?" म्हटलं, होय. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "अन् चादर उन्हाळ्यात." मग स्वतःच हसले आणि मुलाला म्हणाले, "तुझ्या आईला हे तू सांग. मी नाही."

बदल: अक्षर एक पॉइंट मोठं. थंडीचं एक पान, मॅडम म्हणाल्या तसं, फेब्रुवारीला: कपडे थरांनी घाला, बूट तळाला खाचा असलेले आणि तिथेच विकत घ्या. संपलं. कागद १७० जीएसएम मॅट. चमकदार कागदावर पेनाने लिहिता येत नाही आणि ही दिनदर्शिका लिहायला आहे.

२७ सप्टेंबर २०२५

सीनेला महापूर. माढा, मोहोळकडे गावंच्या गावं पाण्यात, पुणे रस्ता मधे बंद होता, कागदाची गाडी अडकली. पेपरात शेतांचे फोटो बघून कागदाची तक्रार करायची लाज वाटते. क्लासमधल्या एका मुलीचं घर नदीकाठी आहे, तिचं जाणं पुढे गेलं. तिची प्रत बाजूला ठेवली आहे.

कागद काल रात्री आला, आज छापायला घेतला. निळा पहिल्या फर्म्यात गडद येत होता, ऑपरेटरने दाब कमी केला. बाइंडिंग सोमवारपर्यंत. अक्कांच्या मुलाची प्रत त्याच्या बॅगेच्या मापाने सुरळी करून द्यायची, वायरो दबणार नाही असं.

संध्याकाळी मेलबर्नहून मावशींचा फोन. त्यांना आमच्याबद्दल वहिनीने सांगितलंय. त्यांनाही अशी दिनदर्शिका पाहिजे, तिकडे म्हणे येत्या ५ ऑक्टोबरला घड्याळं पुढे जाणार, जर्मनीची मागे यायच्या आधीच. वसंत सुरू झालाय आणि जूनमध्ये हीटर लागतो. "तुझीच पानं उलटी लाव की," म्हणाल्या. म्हटलं, मावशी, तसं नाही जमत. पानं उलटली तरी तिथल्या भिंतीत ओल येते का, पंख्याला हूक असतो का, ते मला इथे बसून कसं कळणार? पुढच्या रविवारपासून निरोप पाठवायला लागा, हवेमुळे काय करावं लागलं तेवढंच. त्यांनी विचारलं, किती दिवस. म्हटलं, वर्षभर.